मुलं उठून गेल्यावरची मिनिटं

४ जून

बेबीस,

तुझे फोन येऊन गेलेले मला दिसतात. उचलत नाही म्हणून रागावू नकोस. आठ महिने झाले, तरी फोन वाजला की मी आधी घड्याळ बघतो. तास संपला की तुझी ताई रोज फोन करायची. म्हणून मी लिहितो. लिहिणं मला जमतं.

काल विद्यापीठाचं एक जाड पाकीट आलं. वर तिचं पूर्ण नाव, त्यापुढे 'मयत', आणि खालच्या ओळीत 'वारस' म्हणून माझं नाव. मी ते दारातच उभ्याने वाचलं आणि मग बसून पुन्हा वाचलं. विद्यापीठाचा जुना सर्व्हर भरला आहे, कधीही बंद पडेल, म्हणून सगळे व्हिडिओ हलवायचे आहेत. नोकरीत असलेल्यांनी आपापलं सांगितलं आहे. जे गेले त्यांच्या वारसांनी एका चौकटीत खूण करून तीस जूनच्या आत पाठवायचं. नाही पाठवलं तर ती रेकॉर्डिंग्ज 'बेवारस' समजून पुसून टाकणार. हाच शब्द छापला आहे.

तिच्या तासांची रेकॉर्डिंग्ज आहेत हे मला माहीत होतं. मी एकही बघितलेलं नाही. बघू कधीतरी, असं म्हणत होतो. ती पुसली जाऊ शकतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

चौकटी तीन आहेत. पहिली: मुलांना दाखवायचे कापून तयार केलेले व्हिडिओ बाहेरच्या कंपनीकडे ठेवायचे आणि मूळ रेकॉर्डिंग पुसायचं. दुसरी: दोन्ही विद्यापीठाच्या नव्या सर्व्हरवर. तिसरी: तयार व्हिडिओ कंपनीकडे आणि मूळ रेकॉर्डिंग टेपवर उतरवून कपाटात.

तू रेकॉर्डिंगच्याच विभागात आहेस. कुठे खूण करू ते कळव.

तुझा,
भाऊजी

८ जून

भाऊजी,

तुमचं पत्र हातात पडलं तर आमचे हे म्हणाले, "भाऊजींचं पत्र? कोण गेलं आता?" आणि लगेच जीभ चावली बिचाऱ्यांनी. मी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. असं चाललंय आमचं.

त्या पाकिटाबद्दल माफ करा. 'बेवारस' हा शब्द समितीने घातला. मी दोनदा खोडला आणि दोनदा परत आला. समितीत सात जण आहेत. त्यातल्या सहांना सर्व्हर म्हणजे मोठं कपाट वाटतं, आणि सातव्यांना वाटतं की कपाट नवीन घेतलं की सगळं आपोआप आवरलं जातं. तीन बैठका झाल्या, तिन्हींत चहा कोणी सांगायचा यावर जास्त बोलणं झालं.

तुम्ही डोकं शिणवू नका. पहिल्या चौकटीत खूण करा. ताईचे सगळे तास स्वच्छ कापलेले आहेत, मीच कापलेत. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत. कंपनीकडे गेले की तुम्हाला घरबसल्या हवा तेव्हा हवा तो तास लावता येईल. मुळात काय असतं? वर्ग भरायच्या आधीचा गोंगाट आणि वर्ग सुटल्यानंतरचे रिकामे बाक. ते ठेवून काय करायचं?

खूण करा, सही करा, आणि पाकीट माझ्या नावाने पाठवा. मी जमा करते.

जेवता ना वेळेवर? खरं सांगा.

बेबी

१२ जून

बेबीस,

जेवतो. खरं सांगतो.

पाकिटात फॉर्मबरोबर समितीचं टिपण होतं, ते मी आज नीट वाचलं. सहा पानं आहेत. शेवटी 'टिपण तयार करणार' म्हणून तुझी सही आहे. चौथ्या पानावर तू लिहिलं आहेस: 'मूळ रेकॉर्डिंग शक्यतो पुसू नये. कापलेला व्हिडिओ मुळावरून पुन्हा करता येतो. व्हिडिओवरून मूळ पुन्हा करता येत नाही. म्हणून तिसरा पर्याय सर्वांना सुचवावा.'

सर्वांना सुचवावा, आणि मला मात्र पहिला. असं का?

मी मोजणी खात्यात एकतीस वर्षं काढली. नकाशा फाटला तर नवा काढता येतो. जागेवर उभं राहून ज्या वहीत आकडे लिहिले ती वही गेली तर पुन्हा शेतात जावं लागतं. आमच्या ऑफिसात नकाशे टेबलावर पडलेले असत आणि वह्या कुलपात. इथे पुन्हा जायला शेत राहिलेलं नाही.

तू मला जपतेस हे कळतं. व्यवस्था किचकट असेल, मला झेपणार नाही, असं तुला वाटत असेल. पण कपाटातल्या टेपला मी काय करायचं आहे? ती असली की झालं.

तुझ्या साहेबांना मी वेगळं पत्र टाकलं आहे. तिची किती रेकॉर्डिंग्ज आहेत आणि प्रत्येकाची लांबी किती, मूळ आणि कापलेली, अशी यादी मागितली आहे. खूण करण्याआधी काय आहे ते माहीत असावं.

भाऊजी

१६ जून

भाऊजी,

साहेबांना कशाला लिहिलंत? मी मेले होते का? सॉरी. असं लिहायला नको होतं, पण आता खोडत नाही.

साहेबांनी मला बोलावून विचारलं, "तुमचे भाऊजी यादी मागतायत, काही तक्रार आहे का?" मी म्हटलं, नाही हो, मोजणी खात्यातले आहेत, मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ते हसले आणि यादी काढून द्यायला सांगितली. दिली. तुमच्याकडे पोचेलच.

टिपणाचं म्हणाल तर टिपण सगळ्यांसाठी असतं. घरच्या माणसाला घरच्यासारखं सांगायचं. टेपवर टाकायचं तर प्रत्येक रेकॉर्डिंगला मालक लागतो, तो नोकरीतला लागतो, दर दोन वर्षांनी त्याने लिहून द्यायचं असतं. टेप जुन्या होतात, दुसऱ्या टेपवर उतरवाव्या लागतात. कोण बघणार आहे हे सगळं? मी? मी काय जन्मभर तिथेच बसणार आहे?

भाऊजी, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही. लग्नात तुमचा बूट लपवला होता तेव्हाही तुम्ही न मागताच सगळं देऊन टाकलंत, मजाच गेली. आता मागते. पहिल्या चौकटीत खूण करा. का, ते विचारू नका.

बेबी

१९ जून

बेबीस,

यादी आली. एकूण एक्कावन्न रेकॉर्डिंग्ज, शेवटच्या तीन सत्रांची. मी ती दोनदा तपासली.

मूळ रेकॉर्डिंग प्रत्येक वेळी सत्तर मिनिटांचं आहे. मशीन वेळापत्रकावर चालतं, पाच मिनिटं आधी सुरू होतं आणि पंधरा मिनिटं उशिरा बंद होतं, असं साहेबांनी खाली लिहून दिलं आहे. तास पन्नास मिनिटांचा. पहिले आठ व्हिडिओ पन्नास मिनिटांचे आहेत. हिशोब जुळतो.

नवव्यापासून जुळत नाही. सत्तेचाळीस. पंचेचाळीस. चव्वेचाळीस. मग एकेचाळीस. पुढच्या सत्रात छत्तीस. शेवटचा एकतीस मिनिटांचा आहे. मूळ मात्र सत्तरच.

म्हणजे शेवटच्या तासातली एकोणीस मिनिटं गेली कुठे? तुझी ताई एकतीस मिनिटांत वर्ग सोडणारी नव्हती. वादळात अर्धा वर्ग रिकामा असला तरी ती घंटा होईपर्यंत शिकवायची, हे तूच मला सांगितलं आहेस.

मी हे लिहिताना माझं मलाच वाईट वाटतं आहे. पण तू मुळं पुसायला सांगतेस, का ते विचारू नका म्हणतेस, आणि आकडे कमी होत गेले आहेत. तू तिचं शिकवणं कापलंस का? चुकून झालं असेल. कामाचा ताण असेल. चूक झाली असेल तर सांग, मी साहेबांना काही बोलणार नाही. पण मग मूळ पुसायचं नाही, कारण तिचं बोलणं आता फक्त तिथेच आहे.

भाऊजी

२१ जून

भाऊजी,

तुमचं पत्र ऑफिसात उघडलं आणि वाचून तशीच बसून राहिले. बाजूच्या टेबलावरची म्हणाली, पाणी देऊ का? मी म्हटलं, नको, जमिनीची मोजणी आली आहे. तिला काही कळलं नाही.

मी ताईच्या शिकवण्यातला एक शब्दही कापलेला नाही. तास तीच लवकर सोडत होती.

आता सगळं लिहिते. तुम्ही बसून वाचा.

ती गेली त्याच्या आदल्या वर्षीच्या जुलैतलं हे. तिचा मंगळवारचा तास मी कापायला घेतला. वनस्पतींच्या मुळांवर होता. तीन मिनिटं आधीच तिने वर्ग सोडला. मुलं उठून गेली. मला वाटलं, आता फळा पुसेल. तिने फळा पुसला नाही. टेबलाला धरून खाली बसली, जमिनीवर, टेबलाच्या पायाला पाठ लावून. पोटावर दोन्ही हात. मी उठून उभी राहिले, जसं काही ते तेव्हाच घडत होतं. ते आदल्या दिवशीचं होतं. मग ती बऱ्याच वेळाने उठली, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बेबी, एवढं काप गं. ह्यांना कळता कामा नये."

एवढंच. मला भेटून नाही. कॅमेऱ्याला. तिला माहीत होतं की दुसऱ्या दिवशी मी बघणार.

पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्याही. तेव्हा तिच्या तपासण्या होऊन गेल्या होत्या, पोटातल्या गाठीचं तिला कळलं होतं. मला हे नंतर कळलं, तुम्हाला कळलं तेव्हाच, सप्टेंबरात. तुम्ही म्हणायचात ना, पाच आठवड्यांत माणूस कसं जातं? पाच आठवडे नव्हते, भाऊजी. चौदा महिने होते.

आम्ही कँटीनमध्ये रोज भेटायचो. ती माझ्या डब्यातली भाजी खायची, नावं ठेवायची. त्याबद्दल एक शब्द नाही. तिने मला काही सांगितलंच नव्हतं, कॅमेऱ्याला सांगितलं होतं. म्हणून मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, तुला कापायला सांगितलंय ना, मग काप.

तीन रेकॉर्डिंग्ज मी पूर्ण बघितली. चौथं मला बघवेना. मग मी एक रीत लावली. आमच्या मशीनवर खाली लहान लहान चित्रांची पट्टी असते. आवाज बंद करायचा, पट्टी बघत जायची, बाक रिकामे झालेले दिसले की तिथे कापायचं. पुढचं उघडायचंच नाही. उरलेले सगळे तास मी असेच कापले. म्हणजे नंतर नंतर तिला किती त्रास होत होता, तेही मी बघितलेलं नाही. भित्री आहे मी.

तिने सांगितलं होतं, ह्यांना कळता कामा नये. म्हणून तुम्ही मूळ मागितलंत तेव्हा मी टाळत राहिले. आता तुम्हाला कळलंच आहे. मी तिचंही ऐकलं नाही आणि तुमच्याशीही खोटं बोलले. तुम्ही वारस आहात. तुम्हाला वाटेल तिथे खूण करा. टेपवर ठेवायचं असेल तर मालक म्हणून मी माझं नाव देते, दर दोन वर्षांनी लिहूनही देईन.

बेबी

२३ जून

बेबीस,

पत्र मिळालं.

मी शुक्रवारी येतो. साहेबांना कळवलं आहे. तू त्या दिवशी रजा घे. रेकॉर्डिंग दुसऱ्या कोणीतरी लावून द्यावं.

चौदा महिन्यांत एकसष्ट रविवार येतात. प्रत्येक रविवारी ती घरी होती. मी प्रत्येक रविवार आठवून बघतो आहे. मला एकातही काही सापडत नाही.

भाऊजी

२६ जून

विभागप्रमुख साहेबांना नमस्कार.

आज तुम्ही मला तुमच्या लहान खोलीत बसवलंत, मशीन कसं चालवायचं ते दाखवलंत आणि दार लावून घेतलंत. निघताना मी काही न बोलता गेलो. ते उद्धटपणाने नव्हतं. माझ्याने बोलवत नव्हतं. स्टेशनवर बसून हे लिहितो आहे. हे पत्र तुमच्यापुरतं आहे.

मी अकरा रेकॉर्डिंग्ज पाहिली. नवव्या तासापासूनच्या पहिल्या तीनमध्ये काय आहे ते मला माझ्या मेहुणीने कळवलं होतं. एक गोष्ट तिने लिहिली नव्हती. माझी पत्नी जमिनीवर बसते, मग पदराने तोंड पुसते, आणि फोन लावते. तो फोन मला असतो. "जेवलात का?" असं ती विचारते, आणि आवाज अगदी नेहमीसारखा. मी पलीकडे काय बोलतोय ते ऐकू येत नाही, पण बराच वेळ बोलतोय. ती डोळे मिटून ऐकते आणि मधेच हसते. एकदा तर मोठ्याने हसते आणि हसताना टेबलाचा पाय पकडते. मी कोणतातरी विनोद सांगत असणार. मला तो आठवत नाही.

हे पाहिल्यावर मी ठरवलं होतं की ही रेकॉर्डिंग्ज मला हवीत. काहीही झालं तरी हवीत.

मग मी त्यापुढचं लावलं. बाराव्या तासाचं. फोन संपल्यावर ती कॅमेऱ्याकडे बघते आणि म्हणते, "बेबी, एवढं काप." थोडं थांबते. मग म्हणते, "आणि हे बघून झालं की जरा खाली ये. पुढच्या तासानंतर ये. मला एकटीला जिना उतरवत नाही."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मागे घेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं.

पुढच्या मंगळवारी ती फोन झाल्यावर दाराकडे बघत बसते. मशीन बंद होईपर्यंत. त्याच्या पुढच्या मंगळवारी म्हणते, "आली नाहीस. असू दे, कामात असशील." मग दोन आठवड्यांनी पुन्हा, "बेबी, पाच मिनिटं ये ना." एकदा विचारते, "रागावलीस का गं?" शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये ती बेबीला काही सांगत नाही. कापायलाही सांगत नाही. नुसती दाराकडे बघत बसते.

साहेब, माझी मेहुणी त्याच इमारतीत दोन मजले वर होती. ती आली नाही, कारण तिने ऐकलंच नाही. तिसऱ्या रेकॉर्डिंगनंतर ती आवाज बंद करून कापत होती. बहिणीचे हाल तिला बघवत नव्हते. आणि बहीण समजत होती की ती सगळं बघते आहे. त्या दोघी रोज एकत्र जेवत होत्या. फोन करून का सांगितलं नाही, समोर का सांगितलं नाही, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण माझ्या पत्नीला समोरच्या माणसाकडे काही मागता यायचं नाही. सत्तावीस वर्षांत तिने माझ्याकडे पाण्याचा ग्लासही मागितलेला मला आठवत नाही. कॅमेऱ्याकडे मागणं तिला जमलं, तेच नवल.

म्हणून माझी विनंती. सोबतच्या फॉर्मवर मी पहिल्या चौकटीत खूण केली आहे. सगळी मूळ रेकॉर्डिंग्ज पुसा. ती तुम्ही स्वतः पुसा, माझ्या मेहुणीकडे ते काम देऊ नका आणि तिला लावूही देऊ नका. तुम्ही तिला ओळखता. ती बडबडी आहे, थट्टा करत असते, पण हे तिला कळलं तर ती त्यातून उठणार नाही.

त्यात माझे फोनही जातील. ते मी समजून सही केली आहे.

आपला

२६ जून

बेबीस,

आज येऊन गेलो. काही रेकॉर्डिंग्ज पाहिली. तू लिहिलंस तसंच आहे. ती बसते, विश्रांती घेते, मला फोन करते आणि उठते. आणखी काही नाही. पुढच्या रेकॉर्डिंग्जमध्ये तर तिला जरा बरं वाटत असावं असं दिसलं.

मी पहिल्या चौकटीत खूण केली आहे. तुझं बरोबर होतं. रिकामे बाक ठेवून काय करायचं. तिच्या तासांचे व्हिडिओ आहेत, तेवढे पुरे.

तू मला आधी सांगितलं नाहीस याचा मला राग आला होता. तो आता नाही. ती सांगेल ते आपण दोघंही ऐकत आलो. तू मनाला लावून घेऊ नकोस. या विषयावर आता आणखी लिहायला नको.

आंबट दही खाऊ नकोस, तुझा घसा बसला आहे असं साहेब म्हणाले.

भाऊजी

१ जुलै

भाऊजी,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. राग नाही म्हणालात, तेव्हा कुठे मला नीट श्वास घेता आला. आमचे हे म्हणाले, बघ, उगाच घाबरत होतीस, भाऊजी देवमाणूस आहेत. मी म्हटलं, देवमाणूस असोत नाही तर नसोत, आंबट दह्याचं त्यांना साहेबांकडून कळतं म्हणजे आमच्या विभागात काम कमी आणि चौकशा फार.

ताईला पुढे पुढे बरं वाटत होतं, हे वाचून किती बरं वाटलं ते तुम्हाला सांगता येणार नाही. वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर भलतंच काही यायचं.

साहेबांनी सोमवारी सगळी मूळ रेकॉर्डिंग्ज पुसली. स्वतः बसून. मला म्हणाले, तुम्ही चहा घेऊन या. त्या माणसाने वीस वर्षांत स्वतः एक फाइल पुसलेली नाही.

पण एक सांगते, तुम्ही आरडाओरडा करणार नाही म्हणून सांगते. तुम्ही शुक्रवारी येणार म्हणालात तेव्हाच मला वाटलं की तुम्ही बघाल आणि पुसायला सांगाल. म्हणून गुरुवारी मी एक काढून घेतलं. शेवटचं. एकतीस मिनिटांचा तास आणि पुढचं सगळं. घरी आणून ठेवलंय.

मला ते बघायची कधी हिंमत झाली नसती. पण तुमच्या पत्राने झाली. त्यात भयंकर काही नाही असं तुम्हीच लिहिलंत. आणि मला वाटतं, शेवटच्या तासानंतर ती मला काहीतरी म्हणाली असेल. नुसतं 'काप' नसेल म्हणाली. इतकं काम केलं मी तिचं.

रविवारी हे आणि लेक सकाळीच बाहेर जातायत, संध्याकाळपर्यंत घरी कोणी नाही. तेव्हा दार बंद करून ते लावणार आहे. यावेळी आवाज मोठा ठेवून.

बेबी

५ जुलै, रविवार

बेबी,

तुझ्या दाराबाहेरच्या पायरीवर बसून लिहितो आहे. तुझं पत्र काल संध्याकाळी पोचलं. मी फोन हातात घेतला आणि तुला लावला. तू उचललास, "भाऊजी? तुम्ही?" म्हणालीस, आणि माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. मी ठेवून दिला. मग पहाटेची गाडी पकडली.

तुझे हे आणि लेक आत्ताच बाहेर पडले. मी जिन्याच्या वळणावर उभा होतो, त्यांनी मला पाहिलं नाही.

मी तुला खोटं लिहिलं. तिला बरं वाटत नव्हतं. आणि ती फक्त कापायला सांगत नव्हती. बाराव्या तासापासून ती तुला खाली बोलावत होती. मला जिना उतरवत नाही, ये, असं म्हणत होती. पुन्हा पुन्हा म्हणाली. रागावलीस का, असं एकदा विचारलं. शेवटच्या वेळी, जे तुझ्याकडे आहे त्यात, ती काहीच बोलत नाही. तू त्यात जे शोधते आहेस ते नाही.

हे तुला कधी कळू नये म्हणून मी सगळं पुसायला लावलं. तू मला चौदा महिने सांगितलं नाहीस याचा मला राग आला होता, आणि मी पाच तासांत तेच केलं. तीही तेच करत होती. आता मला ते नको आहे.

तू लावायचं ठरवलंस तर लाव. न लावायचं ठरवलंस तर तेही चालेल. पण एकटीने लावू नकोस. त्यात ती दाराकडे बघते ते दिसेल, आणि तू येत नाहीस ते दिसेल. तुझ्या मशीनचा आवाज बंद होता, ते त्यात कुठेच दिसणार नाही. ते सांगायला कोणीतरी शेजारी बसलेलं असायला हवं.

बेल वाजवत नाही. कागद फटीतून आत सरकवतो आहे. वाचून झालं की दार उघड.

भाऊजी